मदत हवी आहे: सिती बिन्ती सादच्या मुंबईतल्या रेकॉर्ड्स

नमस्कार मंडळी, पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार बेटाच्या तारब संगीतावर प्रबंध लिहितेय. दरबारी तारब अरबीत गायलं जायचं. सिती बिन्ती साद या कुंभारणीच्या मुलीने ते स्वाहिलीत लोकांपर्यंत नेलं. १९२८ मध्ये ती साथीदारांसह चक्क मुंबईत येऊन एचएमव्हीसाठी गायली! स्वाहिली लेखक शाबान रॉबर्ट यांनी लिहिलेलं तिचं चरित्र आहेच, पण मला मुंबईची बाजू हवी आहे.

कुणाकडे, किंवा ओळखीतल्या संग्राहकाकडे, या लाखेच्या तबकड्या आहेत का? लेबलचा आणि त्याभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेल्या नंबरचा फोटो मिळाला तरी चालेल. नुसतं ‘चोर बाजारात बघ’ नको, नेमकं दुकान सांगा. त्या वर्षाची मराठी-गुजराती वर्तमानपत्रं कुठे चाळायला मिळतील?