कपड्यांची ऑनलाइन विक्री : दुप्पट किंमत लावली म्हणजे नफा झाला?

उसवण

परवा येथे एका सदस्यांनी लिहिले की, कपडा जितक्याला पडतो त्याच्या दुप्पट किंमत लावून तो ऑनलाइन बाजारपेठेत ठेवला की तोटा होऊच शकत नाही आणि तरीही जे रडतात त्यांना साधा हिशेब येत नाही. उत्तर प्रतिसादात मावणारे नसल्याने वेगळा धागा काढत आहे.

विक्रीची किंमत १०० धरू आणि कर तूर्त बाजूला ठेवू. कापड, शिलाई, बटणे, लेबल मिळून माल ४५ ला पडला, म्हणजे दुपटीहून जास्तच किंमत लावली. त्यातून कमिशनचे १७, पाठवणीचे १०, जाहिरातीचे ८ आणि पॅकिंगचे २ गेले की ग्राहकाने ठेवून घेतलेल्या नगामागे १८ उरतात. इथपर्यंत सगळे आनंदात असतात. परंतु १०० ऑर्डरींपैकी ३० परत आल्या, आणि कपड्यांच्या धंद्यात हे मुळीच नवलाचे नाही, तर कमिशन पूर्ण परत मिळाले तरी जाण्याचे १०, येण्याचे १२, जाहिरातीचे ८ आणि पॅकिंगचे २ असे प्रत्येकीमागे ३२ बुडतात. ७० नगांवर १२६० मिळाले, ३० नगांवर ९६० गेले, राहिले ३००. परत आलेल्यांपैकी ६ नग मळलेले किंवा उसवलेले निघाले, तर त्यांच्या मालाचे २७० आणखी वजा होतात. १०,००० च्या ऑर्डरी पाठवून हाती ३० उरतात आणि त्यातून भाडे व पगार द्यायचे आहेत. म्हणून मी हिशेब पाठवलेल्या नगावर मांडतो. विकलेल्या नगावर मांडणाऱ्यांना शेवटपर्यंत ते १८ च दिसत राहतात.

दुप्पटवाला

ते सदस्य म्हणजे मीच. नाव घेतले असते तरी चालले असते.

आपण मांडलेले आकडे माझीच बाजू सिद्ध करतात, हे आपल्या लक्षात आलेले दिसत नाही. किंमत १०० ऐवजी १०५ लावा. कमिशन १७.८५ होईल, ठेवून घेतलेल्या नगामागे २२.१५ उरतील आणि बाकी सगळा खर्च तोच धरला तर १०० ऑर्डरींमागे ३० ऐवजी ३२० राहतील. किंमत वाढल्यामुळे ऑर्डरी ८० वर आल्या तरीही २५६ उरतात, आणि शिवाय २० नग शिवण्याचा, पाठवण्याचा व्याप वाचतो. विक्रेते किंमत वाढवण्यास घाबरतात, शेजारच्या विक्रेत्याने कमी केली की स्वतःही कमी करतात, आणि मग बाजारपेठेच्या नावाने बोटे मोडतात.

जुना_गठ्ठा

"बाकी सगळा खर्च तोच धरला तर" या सहा शब्दांत दुप्पटवाले यांनी अख्खा धंदा गुंडाळला आहे. जाहिरातीचे पैसे क्लिकवर जातात. ग्राहकाने कपडा घेतला काय किंवा नुसता पाहिला काय, क्लिकचे पैसे तेच. किंमत वाढली की पाहणारे तेवढेच राहतात आणि घेणारे घटतात, त्यामुळे ऑर्डरीमागे जाहिरात ८ ची १० होते. मग १०० ऑर्डरींवर त्या ३२० चे १२० राहतात आणि ऑर्डरी ८० झाल्या असतील तर ९६.

शिवाय वजनाचे कोणी बोलतच नाही. कुरिअरवाले सर्रास खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येईल ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचेच पैसे लावतात. ४० बाय ३० बाय १० च्या खोक्यातून जाकीट पाठवले की काट्यावर ते किलोभरही न भरो, बिल २.४ किलोचे येते. परतीच्या प्रवासात ग्राहक ते कसेही कोंबतो, पिशवी फुगते आणि बिल आणखी वाढते. याबाबत मी एका बाजारपेठेकडे फोटोंसह किती वेळा दाद मागितली आणि दर वेळी तेच छापील उत्तर कसे आले, ते लिहायला बसलो तर हा धागा पुरणार नाही.

मापात_पाप

सगळे जण ३० टक्के परतावा हा निसर्गनियम असल्यासारखे धरून चालले आहेत. परतावा २५ वर आणा. त्याच आकड्यांनी आणि मळण्याच्या त्याच प्रमाणाने १०० ऑर्डरींमागे ३२५ उरतात, म्हणजे किंमत न वाढवता दुप्पटवाले यांच्याहून चार पैसे अधिकच.

माझे आयुष्य कटिंगच्या टेबलाशी गेले आहे. ताणले जाणारे कापड गुंडाळीतून काढल्यावर काही तास मोकळे पसरून ठेवावे लागते. तसे न ठेवता कापले तर ते नंतर आकसते आणि तयार कपडा तक्त्यातल्या मापापेक्षा लहान निघतो. थर जास्त रचले की वरच्या आणि खालच्या थराच्या मापात फरक पडतो. हे ज्याला दिसत नाही तो विक्रेता दुसऱ्याच कारखान्याचा मापतक्ता जसाच्या तसा चिकटवतो आणि त्यातले छातीचे माप अंगाचे की कपड्याचे, हेदेखील लिहीत नाही. मग ग्राहकाने करायचे तरी काय? अमेरिकेत स्त्रियांच्या तयार कपड्यांसाठी १९५८ मध्ये मापांचे सरकारी मानक निघाले होते. ते बंधनकारक नव्हते, उत्पादक आपापल्या सोयीने मापे सैल करत गेले आणि १९८३ मध्ये ते मागे घेण्यात आले. युरोपच्या ईएन १३४०२ या मानकात अंगाची मापे सेंटीमीटरमध्ये आणि तीही चित्रासह लेबलवर देण्याची पद्धत आहे. इतके करायला कोणाची परवानगी लागत नाही.

चोखंदळ

मी विक्रेती नाही, नुसती गिऱ्हाईक आहे, आणि वरचा प्रतिसाद वाचून बरे वाटले. एकाच विक्रेत्याकडून घेतलेले एकाच मापाचे दोन पोशाख माझ्याकडे आहेत आणि त्यांतला एकच मला अंगात घालता येतो. म्हणून मी दोन मापे मागवते आणि एक परत करते. यात माझा दोष कोणता?

उसवण

दोष असा की, त्या परत केलेल्या नगाचे ३२ माझ्या खिशातून जातात. आणि दोन मापे मागवणारे तरी बरे. समारंभाला घालून, घामाचा आणि अत्तराचा वास तसाच ठेवून, लेबल पुन्हा टाचून परत पाठवणारे आहेत. झारासारख्या बड्या कपडे कंपनीनेसुद्धा २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये टपालाने येणाऱ्या परताव्यावर शुल्क लावले आणि एसॉस या ऑनलाइन कपडे विक्रेत्या कंपनीने २०२४ मध्ये वारंवार परत करणाऱ्यांकडून पैसे घेण्यास सुरुवात केली. जे त्यांना परवडले नाही ते मला परवडावे अशी अपेक्षा आहे का?

चोखंदळ

शब्द जपून वापरावेत. दोन मापे मागवणारी आणि वापरून परत करणारी यांना एकाच माळेत ओवून आपण आपल्याच ग्राहकांचा अपमान करत आहात. मोफत परतावा ग्राहकांनी मोर्चे काढून मिळवलेला नाही. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात १४ दिवसांत कारण न देता खरेदी रद्द करण्याचा हक्क आहे, परंतु विक्रेत्याने आधी कळवले असेल तर परत पाठवण्याचा खर्च ग्राहकावर टाकता येतो, हेही त्याच निर्देशात आहे. फुकटचे आमिष विक्रेत्यांनी आणि बाजारपेठांनी मिळून लावले. आता तेच महाग पडू लागले तर राग आमच्यावर का?

उसवण

आमिष बाजारपेठेने लावले, बिल मला लावले. विक्रीच्या अटी मी लिहीत नाही.

दुप्पटवाला

अटी आपण लिहीत नसाल, पण त्या मान्य करून माल आपणच ठेवता.

असो. मापात_पाप यांचे २५ टक्क्यांचे गणित मी पुन्हा करून पाहिले आणि ते दुर्दैवाने बरोबर आहे. जाहिरातीबद्दल जुना_गठ्ठा म्हणतात तेही धरू. तरीसुद्धा ९६ हे ३० पेक्षा जास्तच असतात, एवढे त्यांनीही मान्य करण्याचे औदार्य दाखवावे.

जुना_गठ्ठा

दाखवले. आता त्या ९६ मध्ये हंगाम संपल्यावर पडून राहणारा माल धरा. प्रत्येक लॉटमध्ये, म्हणजे एका वेळी कापून शिवलेल्या मालात, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापांचे गठ्ठे शिल्लक राहतात, कारण मधली मापे आधी संपतात. परत आलेला नग तपासून, इस्त्री करून पुन्हा विक्रीला लागेपर्यंत कधीकधी हंगामच उलटलेला असतो. तोवर पैसा अडकतो तो वेगळाच.

मापात_पाप

म्हणूनच परताव्याची कारणे लॉटप्रमाणे लावून पाहा, असे सांगतो. "लहान पडला" हे कारण सगळ्या लॉटमध्ये सारखे विखुरलेले असेल तर तक्ता चुकलेला आहे. एकाच लॉटमध्ये साचलेले असेल तर कटिंग चुकलेले आहे. पहिले दुरुस्त करायला फक्त लिस्टिंग, म्हणजे बाजारपेठेतल्या पानावरची कपड्याची माहिती, बदलावे लागते.

उसवण

कारणे लावून पाहीन, आणि छाती, खांदा, लांबी ही तयार कपड्याची मापेही लिहीन. माझा वेळ सोडून त्याला काही लागत नाही. मात्र वापरून परत केलेल्या कपड्यावर मापतक्ता हा इलाज नव्हे, आणि त्या सहा नगांच्या २७० वर अजून कोणी बोललेले नाही.

दुप्पटवाला

परत आलेले प्रत्येक पार्सल, वरचे लेबल वाचता येईल अशा रीतीने, कॅमेऱ्यासमोर उघडा आणि बाजारपेठेकडे करायच्या भरपाईच्या दाव्याची मुदत संपण्यापूर्वी तो व्हिडिओ जोडा. सहापैकी दोन नगांची भरपाई मिळाली तरी ९० सुटतात. उरलेल्या चारांसाठी वाटल्यास किंमत वाढवा.