इम्प्लांट नको, स्वतःच्या चरबीने स्तनवाढ: एका सिटिंगमध्ये नक्की किती फरक पडतो?

थेट_विचारते:
वय ३४, उंची १६० सेंमी, वजन ५२ किलो, सध्याचा कप ए. इम्प्लांट नको आहे, म्हणून मांड्या-कमरेची चरबी काढून स्तनात भरायचा पर्याय बघतेय. एका ठिकाणी ‘एकाच सिटिंगमध्ये दोन कप’ म्हणाले, दुसरीकडे एका कपाच्या पुढे बोलायलाच तयार नाहीत. इतका फरक का? भरलेल्यातली किती चरबी टिकते? पुढे मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) घोळ होतो का? आणि पोटाचा फ्लॅप, म्हणजे त्वचा-चरबीचा तुकडा, वापरून हेच करता येतं का?

टाका_दोरा:
दुसऱ्या ठिकाणी खरं सांगितलंय. चरबी किती निघते यापेक्षा स्तनात तिला जगायला जागा किती, यावर सगळं अडतं.

काढलेल्या चरबीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले काही दिवस ती शेजारच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर तग धरते, नव्या केशवाहिन्या त्यानंतर आत शिरतात. भरलेल्या चरबीचा ठिपका बारीक असेल तर हे जमतं. गोळा जाड झाला की फक्त काठाचा पातळ थर जसाच्या तसा जगतो, त्याच्या आतल्या थरातल्या पेशी मरतात पण मूळपेशींपासून तिथे काही प्रमाणात नवी चरबी तयार होते, आणि अगदी मधला भाग मरतोच. त्या मेलेल्या चरबीचं तेल होतं, भोवती कवच धरतं आणि हाताला गाठ लागते.

म्हणून भरण्याची पद्धत महत्त्वाची. साधारण २ मिमी जाडीची, बोथट टोकाची कॅन्युला (पोकळ नळी) आत सरकवायची आणि मागे ओढतानाच चरबी सोडायची, पेन्सिलीच्या शिशाएवढी बारीक धार. एक मिली चरबी अनेक फेऱ्यांत वाटली जायला हवी. स्तनाखालच्या घडीजवळ आणि आणखी एखाद-दोन ठिकाणी २-३ मिमीची छिद्रं करतात, त्यातून वेगवेगळ्या दिशांनी आणि थरांत बोगदे काढतात: त्वचेखाली, ग्रंथीच्या मागे, छातीच्या स्नायूत. खुद्द दूधग्रंथीत मुद्दाम भरत नाहीत. कॅन्युला कायम बरगड्यांना समांतर हवी. टोक खाली वळलं तर फुफ्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते. क्वचित घडतं, पण घडलेलं आहे.

आता आकडे. बहुतेक वेळा एका बाजूला २०० ते ३०० मिली भरतात. त्यातलं ५० ते ७० टक्के टिकेल असं धरून चाला. व्यक्तीगणिक यात बराच फरक पडतो. म्हणजे २५० भरले तर १२५ ते १७५ मिली हाती लागतात, साधारण एक कप किंवा त्याहून थोडं कमी. ‘दोन कप’ म्हणणारे एक तर पहिल्या महिन्यातली सूज मोजतात, नाहीतर दाबून भरतात. दाबून भरलं की आतला दाब वाढतो, केशवाहिन्या चेपल्या जातात आणि ४०० मिली भरूनही २५० वाल्यापेक्षा कमी टिकू शकतं, वर गाठी वेगळ्या. त्वचा ताणून पांढुरकी दिसू लागली की तिथेच थांबायचं, सिरिंजमध्ये चरबी शिल्लक असली तरी. एचं सी करायचं असेल तर दोन सिटिंग धरा, मध्ये किमान ३ ते ६ महिने.

स्तन ओघळलेले असतील तर चरबीने ते वर उचलले जात नाहीत. तो प्रश्न वेगळा, शस्त्रक्रियाही वेगळी.

फ्लॅपचं थोडक्यात: पोटाची त्वचा-चरबी रक्तवाहिन्यांसकट उचलून छातीवर सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची, ही कर्करोगात स्तन काढल्यानंतरच्या पुनर्रचनेसाठीची मोठी शस्त्रक्रिया आहे. काही तास चालते, पोटावर आडवा लांब व्रण राहतो, जोड बंद पडला तर अख्खा फ्लॅप जातो. ए कपचा बी करायला कुणी ती सुचवली तर उठून या.

भूलभुलैया:
काढण्याच्या बाजूबद्दल. दोन्हीकडे मिळून ५०० मिली स्वच्छ चरबी हवी तर त्याच्या दुपटीच्या आसपास ओढावी लागते, कारण ओढलेल्यात द्रव, रक्त आणि फुटलेल्या पेशींचं तेलही असतं. बीएमआय २० च्या जरासा वर, म्हणजे मांड्या आणि कंबर दोन्हीकडून घ्यावी लागेल. एकाच जागेतून खरवडून काढली तर तिथे खड्डे पडतात.

आधी त्या भागात सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट भरतात, लिटरमागे १ मिग्रॅ अॅड्रेनॅलिन घालून, म्हणजे १:१०,००,०००. त्याने रक्तस्राव कमी होतो. त्यात लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) असेल तर हिशोब चोख हवा: ३५ मिग्रॅ प्रति किलो ही मर्यादा धरली तर ५२ किलोला १८२० मिग्रॅ. लिटरमागे ५०० मिग्रॅ असेल तर साडेतीन लिटरांच्या पुढे जायचं नाही. पूर्ण भूल दिली असेल तर लिग्नोकेन कमी करतात किंवा घालतच नाहीत.

ओढण्याचा जोर कमी ठेवावा लागतो, जास्त ओढीने पेशी फुटतात. मग चरबी वेगळी करायची: नुसती स्थिर ठेवून, धुऊन-गाळून, किंवा ३ मिनिटं, मिनिटाला ३००० फेऱ्यांनी सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात गरगर फिरवून). वर तेल, मध्ये चरबी, खाली रक्तमिश्रित पाणी. फक्त मधला थर वापरतात. कोणती पद्धत श्रेष्ठ यावर सर्जन मंडळी तावातावाने भांडतात. माझ्या मते चरबी हवेवर किती वेळ उघडी पडली आणि किती हळुवार हाताळली, याने जास्त फरक पडतो.

धूम्रपान असेल तर आधी आणि नंतर किमान ४-४ आठवडे पूर्ण बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगा, स्वतःहून थांबवू नका.

क्ष_किरणवाली:
मॅमोग्राफीचा धसका जुना आहे. याच कारणाने अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनच्या संघटनेने १९८७ मध्ये स्तनात चरबी भरायला विरोध केला होता. २००९ मध्ये त्यांच्याच कार्यगटाने पुन्हा आढावा घेऊन तो विरोध सोडला.

चरबी भरल्यावर तेलाच्या गाठी आणि कॅल्शियमचे डाग दिसू शकतात. बहुतेक ओळखू येतात: तेलाची गाठ गोल, पातळ भिंतीची, आतून काळी, आणि जुनी झाली की काठावर अंड्याच्या टरफलासारखं कॅल्शियम. शंका येते ती बारीक, वेडेवाकडे, एकाच जागी झुपक्याने असलेले ठिपके दिसले की. तिथे कधी कधी सुईने तुकडा काढून तपासावाच लागतो. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही अशा खुणा उमटतात, हा प्रकार फक्त चरबीचा नाही.

शस्त्रक्रियेआधीच्या स्तन-तपासणीची फिल्म हाताशी असली की निम्मी शंका तिथेच मिटते. ३४ व्या वर्षी आधी सोनोग्राफी पुरते. घरात स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर मॅमोग्राफी किंवा एमआरआय लागेल का ते विचारा. नंतर ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा एकदा. किती मिली, कोणत्या थरात, कोणत्या तारखेला भरलं, हे लिहिलेला कागद जपून ठेवा आणि प्रत्येक तपासणीला दाखवा. बीआरसीए जनुकदोष (स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा) असेल तर कर्करोगतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय यात पडू नका.

थेट_विचारते:
खूप उपयोग झाला. नंतरची काळजी काय? आणि पुढे वजन कमी झालं किंवा मूल झालं तर?

टाका_दोरा:
मांड्या-कमरेवर दाबपट्टा ४ ते ६ आठवडे. स्तनांवर मात्र अजिबात दाब नको: तारेची ब्रा नाही, पालथं झोपणं नाही, घट्ट काहीच नाही, निदान ३-४ आठवडे. स्तनांवर बर्फही ठेवू नका, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि नेमका तोच पुरवठा आपल्याला हवा असतो. मांडीवर चालेल. व्यायाम महिन्याने. ‘आकार उतरतोय’ म्हणून तिसऱ्या आठवड्यात घाबरू नका, ती सूज ओसरतेय. खरं माप तीन महिन्यांनंतर.

भरलेली चरबी मूळच्या जागेसारखीच वागते. ५ किलो उतरलात तर स्तनही उतरतील, म्हणून वजन स्थिर झाल्यावरच करा. ग्रंथीत काही भरत नसल्याने दूध पाजायला सहसा अडचण येत नाही. गरोदरपणात स्तन फुगतात आणि नंतर बसतात, त्याला चरबी काही करू शकत नाही. वर्ष-दोन वर्षांत मुलाचा विचार असेल तर हे त्यानंतर केलेलं बरं.

एकाच स्तनाला वाढती लाली, ऊब आणि ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. पोटरी सुजली-दुखली किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सी गाठा, फोनवर विचारत बसू नका.

क्ष_किरणवाली:
एक राहिलं. सहा महिन्यांनंतर *नवीन* गाठ हाताला लागली तर ‘चरबीचीच असेल’ म्हणून सोडू नका, सोनोग्राफी करून घ्या.