ग्रामीण रुग्णालयाच्या वार्षिक फलकावर रिकामी पदंही लिहावीत का?

शेतमळा (धागाकर्ता)

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीशेजारी वर्षभराच्या कामाचा फलक लागलाय. बाह्यरुग्ण किती, आंतररुग्ण किती, बाळंतपणं, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया, सर्पदंशाचे रुग्ण, आणि शेवटी मोठ्या अक्षरात कायाकल्प पुरस्कार. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये सुरू केलेली ही योजना आहे. स्वच्छता, दवाखान्यातला कचरा, जंतुसंसर्ग रोखण्याची पद्धत हे सगळं बाहेरची माणसं येऊन तपासतात आणि पुरस्कारासाठी किमान ७० टक्के गुण लागतात. मला मनापासून आनंद झाला. याच इमारतीत पूर्वी नाकाला रुमाल लावून बसावं लागायचं, आता प्रसूतिगृहाबाहेरच्या फरशीवर आया लेकरांना निजवतात.

पण त्या फलकावर दोन ओळी नाहीत. मंजूर पदांपैकी भरलेली किती, आणि किती रुग्णांना पुढे पाठवावं लागलं.

गेल्या पावसाळ्यात वहिनीला कळा सुरू झाल्या म्हणून रात्री अडीचला घेऊन गेलो. सिस्टरांनी पोटावर यंत्र ठेवून ठोके मोजले, पुन्हा मोजले, आणि म्हणाल्या, बाळ दमतंय, सिझर लागेल. शस्त्रक्रियागृह होतं, टेबल होतं, वरचा दिवाही चालू होता. भूलतज्ज्ञ नव्हते. १०८ बोलावली, जिल्ह्याचं ठिकाण गाठेपर्यंत उजाडलं. सिस्टर स्वतः गाडीत बसल्या होत्या, वहिनीला डाव्या कुशीवर धरून, सगळा रस्ता. बाळ-बाळंतीण वाचली. ती रात्र फलकावरच्या कुठल्याच आकड्यात नाही. ना रुग्णालयाला काय कमी पडलं ते, ना त्या सिस्टरांनी काय केलं ते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की कामगिरी लिहिता तिथेच या दोन ओळीही लिहा.

निवृत्त_अधिपरिचारिका

दादा, वहिनी सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. पण तुमच्या मागणीला माझा विरोध आहे. नोकरीची निम्म्याहून जास्त वर्षं मी प्रसूतिगृहात काढली, त्यावरून सांगते.

पहिली गोष्ट. "स्त्रीरोगतज्ज्ञ – रिक्त" अशी ओळ दारात दिसली की जिचं बाळंतपण अगदी सरळ होणार आहे तीही परत फिरेल. सासू म्हणेल, इथे डॉक्टरच नाही, चला खाजगीत. मग बैल विकून बिल भरायचं. साधी बाळंतपणं सिस्टर उत्तम करतात, रोज करतात. त्यांच्यावरचा विश्वास एका ओळीनं जाईल.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. पुढे पाठवलेल्यांचा आकडा फलकावर आला की तो कमी दिसावा असं प्रत्येकाला वाटणार. पार्टोग्राफ म्हणजे कळांचा आलेख. त्यावर इशाऱ्याची रेघ असते. नोंद त्या रेघेच्या उजवीकडे सरकली की बाईला पुढे न्यायची तयारी ठेवायची असते. तिथे "अजून अर्धा तास बघू" असं कोणी आकड्यापायी म्हणालं, तर त्या अर्ध्या तासात बाळ जातं. वेळेवर पाठवणं हे कमीपणाचं नाही, तेच आमचं काम आहे.

शेतमळा

सिस्टर, दुसऱ्या मुद्द्यावर विचार करतो, तो मला सुचलाच नव्हता. पहिला नाही पटला. आम्हाला आत्ता ते रात्री अडीचला कळतं. दिवसाउजेडी कळलं असतं तर नवव्या महिन्यातच जिल्ह्याला नातेवाइकांकडे नेऊन ठेवलं असतं. वहिनीचं आधीचं बाळंतपण अवघड गेलं होतं.

प्रतिनियुक्तीवर

मी वैद्यकीय अधिकारी आहे, सध्या नेमणूक एकीकडे आणि काम दुसरीकडे. दोन्ही ठिकाणच्या फलकांवर माझंच काम मोजलं जातं, म्हणून बोलतो.

हा एका तालुक्याचा प्रश्न नाही. केंद्राच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशभरातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची कमतरता जवळपास ८० टक्के दाखवली आहे. सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, हे चार तिथे असायला हवेत. आपली ३० खाटांची ग्रामीण रुग्णालयं याच पातळीवर येतात. त्यात तज्ज्ञ एकमेकांवाचून अडतात. स्त्रीरोगतज्ज्ञ आले पण भूलतज्ज्ञ नाही, तर सिझर होत नाही. दोघं आहेत पण रक्त साठवण्याची सोय नाही, तर कोणी धोका पत्करत नाही. बाहेरचा भूलतज्ज्ञ दर केसमागे पैसे देऊन बोलावता येतो, पण त्याला रात्री घरातून निघून पोहोचायलाच वेळ लागतो.

पदं लिहावीत असं मला वाटतं. एका अटीवर. पद भरणं कोणाच्या हातात आहे तेही शेजारी लिहा. नाहीतर लोक अधीक्षकांच्या टेबलावर हात आपटतात, आणि भरतीची फाईल असते मुंबईत.

तालुका_कोर्ट

चर्चा चांगली आहे पण यात मागणी करण्यासारखं काही नाही. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. त्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयानं आपल्या अधिकाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची यादी कोणी न मागता प्रसिद्ध करायची असते. कोण आहे हे कळलं की कोण नाही हे उघडच होतं. सिस्टरांना लोक घाबरतील अशी भीती वाटते, ती मी समजू शकतो, पण माहिती लपवून मिळवलेला विश्वास पहिल्याच वाईट रात्री संपतो.

बालाघाटचा_पायथा

सगळे इमारतीच्या आतलंच मोजताय. मी जामखेडकडचा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये आमच्याकडे काम सुरू केलं, तेव्हा मोठं रुग्णालय उभारणं हे त्यांचं ध्येय नव्हतं. गावोगावच्या बायका निवडल्या, बऱ्याचशा निरक्षर, काही दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. त्यांना शिकवून गावात परत पाठवलं. त्याच बायका गरोदर सुनेच्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, विहिरीच्या पाण्याबद्दल भांडायच्या. १९७१ मध्ये त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत तो आकडा ५२ वर आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी.

माझ्या आजीनं शेवटपर्यंत त्या गावच्या बाईचं ऐकलं, डॉक्टरचं नाही. जुलाब लागलेल्या नातवाला मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत बसायची, कारण "तिनं सांगितलंय". हे कुठल्या फलकावर येणार? किती खाटा भरल्या हे लिहायचं असेल तर किती खाटांची गरजच पडली नाही हेही शोधा.

निवृत्त_अधिपरिचारिका

जामखेडचं काम मी पाहिलंय, हात जोडते त्याला. पण ती संस्था होती. त्यांनी माणसं स्वतः निवडली आणि ती टिकली. आमच्याकडे चांगला डॉक्टर बंधपत्राचं वर्ष संपवतो आणि जातो. कंत्राटी सिस्टर दर काही महिन्यांनी नव्या आदेशाकडे डोळे लावून बसते. सरकारी दवाखान्याला संस्थेची फूटपट्टी लावू नका.

सावित्रीकाठ

सिस्टर, सरकारी नोकरीतलंच उदाहरण देतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड भागातल्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. विंचू चावलेली माणसं, त्यातही मुलं, दवाखान्यात येऊनही मरायची. त्यांनी प्रत्येक रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. किती वाजता चावला, घाम कधी आला, हात-पाय कधी गार पडले, फुप्फुसात पाणी कधी झालं. त्या नोंदींतून प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध इथे वापरायची वाट सापडली, आणि शंभरात चाळीसपर्यंत असलेलं मरणाचं प्रमाण एकावर आलं. आज कोकणात विंचू चावलेल्या मुलाला ती गोळी देतात तेव्हा मागे त्या वह्या आहेत. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे सांगतोय ते एवढ्यासाठी की मेलेल्यांची नोंद त्यांनी आधी प्रामाणिकपणे ठेवली. तिथे "उपचार घेतलेले विंचूदंशाचे रुग्ण" एवढाच आकडा लिहून थांबले असते तर काहीच बदललं नसतं. शेतमळा मागतात ती ओळ मला त्याच जातीची वाटते.

प्रतिनियुक्तीवर

सावित्रीकाठ, हे फार योग्य बोललात. फक्त एक. ती वही डॉक्टरची होती, दारावर टांगलेली नव्हती. सिस्टर म्हणतात ते इथे लागू पडतं. पुढे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद हवी, कारण आणि वेळ यांसह, आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत तिच्यावर बोलणं हवं. नुसता आकडा फलकावर नको.

शेतमळा

मान्य. पाठवलेल्यांची ओळ मी मागे घेतो, तिच्याजागी समितीत नोंदी वाचाव्यात अशी विनंती करतो. रिकाम्या पदांची ओळ मात्र सोडत नाही. अधीक्षकांना अर्ज लिहितोय. अजून एक टाकू का? रुग्णाबरोबर गाडीतून गेलेल्या सिस्टरांच्या फेऱ्या. त्या सिस्टर सकाळी जिल्ह्याहून एसटीनं परत आल्या आणि तशाच ड्युटीवर उभ्या राहिल्या, हे मला महिन्यानं कळलं.

निवृत्त_अधिपरिचारिका

पदांच्या ओळीला माझा विरोध कायम आहे. माझ्या गावच्या बायका माघारी फिरतील ही भीती मला तुमच्यापेक्षा जवळून माहीत आहे. फेऱ्यांचं मात्र लिहा. आमच्या वेळी त्याची नोंद कुठेच नसायची, हजेरीपटावर तेवढी एक रात्रपाळी. आणि अर्जात हेही घाला की परतीच्या एसटीचं तिकीट तिनं स्वतःच्या पैशानं काढू नये.