गावं उचला म्हणे, वाघ नीट दिसत नाही!

मोहर्लीकर:
परवा कुणीतरी लिहिलं, 'ताडोबाच्या मोहर्ली गेटपर्यंत गायीच आडव्या. मोहफुलं वेचणाऱ्या बाया इतक्या ओरडतात की जनावर फिरकत नाही. बफरमधली, म्हणजे जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातली, गावं उचला.' दोन दिवस डोक्यातून जात नाही म्हणून लिहितो. राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. त्यासाठी जामणी उठलं, रामदेगी-नवेगाव उठलं. आता बफरही रिकामं करायचं? माझी आई मार्चमध्ये पहाटे चारला टोपली घेऊन निघते. बाया हाका मारतात त्या वाघाला आपण आलोय हे कळावं म्हणून. फूल वेचायला वाकलेलं माणूस त्याला जनावरासारखंच दिसतं.

सफारीवेडा, पुणे:
ते मीच लिहिलं होतं. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा कोण पेटवतं, तेही सांगा. खुटवंड्याकडे काळं पडलेलं रान मी डोळ्यांनी पाहिलंय.

चिमूरची लेक:
हे मात्र खरं आहे. माझ्या काकांनी लावलेली आग एकदा नाल्यापलीकडे गेली, सगळं गाव ओल्या फांद्या घेऊन धावलं. तेव्हापासून काकू जुन्या साड्या जोडून झाडाखाली अंथरते. फूल स्वच्छ येतं, माती लागत नाही, भावही बरा मिळतो.

सफारीवेडा, पुणे:
मग सगळे तसंच का करत नाहीत?

चिमूरची लेक:
एका घराची वीस झाडं असतात दादा. साड्या कुठून आणायच्या? जाळ्या द्या, आग आपोआप थांबेल.

नागपूरचा वनप्रेमी:
जाळ्याही सरकारनंच द्यायच्या का? वाघामुळे माणूस गेलं तर २५ लाख मिळतातच ना.

मोहर्लीकर:
शब्द मागे घ्या. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यांच्या घरी जाऊन हे बोलून दाखवा. माझी मावशी अशीच गेली. तिची टोपली अजून आमच्या घरी आहे, तिला कुणी हात लावत नाही.

नागपूरचा वनप्रेमी:
तुमच्या मावशीचं ठाऊक नव्हतं. ते वाक्य मागे घेतो. पण वाघ वाढले आणि जंगल तेवढंच राहिलं, याचं काय करायचं ते कुणीच सांगत नाही.

जिप्सीवाला:
मी मोहर्लीचाच. माझं घर या वाघावर चालतं, म्हणून मला वाघ हवाच आहे. पण पावसाळ्यात कोअर, म्हणजे आतलं राखीव जंगल, बंद झालं की मीही आईसोबत शेतातच असतो. गाव उठवलं तर तुमची जिप्सी कोण चालवणार, वाट कोण दाखवणार?

सफारीवेडा, पुणे:
ठीक आहे, 'गावं उचला' हे माझं चुकलं. आगीबद्दल जे बोललो ते मात्र सोडणार नाही.

मोहर्लीकर:
सोडूच नका. साड्यांचं मी यंदा बचत गटात मांडतो. गायींवर वेगळं लिहा, तिथंही उत्तर देईन.