शब्दचर्चा : दुही की ताटातूट?

पूर्वरंग : 'पॅलेस्टिनी तरुण हिप-हॉपमधून समाजातली दुही मिटवू पाहतात' असं वाक्य केलंय. दुही चालेल?

शब्दवेध : सरसकट नको. दुही माजते ती माणसांनी एकमेकांकडे पाठ फिरवल्यामुळे. २००७ पासून फतह आणि हमास या दोन पॅलेस्टिनी राजकीय गटांत जे आहे, ती दुही. पण गाझा, वेस्ट बँक आणि इस्रायलमधलं लोद शहर इथले पॅलेस्टिनी रॅपर एका मंचावर येऊ शकत नाहीत ते परवाने आणि तपासनाक्यांमुळे. २००८ चा 'स्लिंगशॉट हिप-हॉप' हा माहितीपट पाहा. ती ताटातूट आहे. दुही म्हटलं की दोष त्या मुलांवरच येतो, आणि हा अन्याय आपल्या लेखणीतून होऊ नये.

पूर्वरंग : मग लोदवाले 'इस्रायली अरब'?

शब्दवेध : तो सरकारी वापरातला शब्द, त्यांच्यातले बरेच जण स्वतःला पॅलेस्टिनी म्हणवतात. अरबीत रूढ आहे 'अठ्ठेचाळीसचे'. तोच ठेवा, पहिल्या वेळी खुलासा जोडा : १९४८ नंतर तिथेच राहिलेले, इस्रायलचे नागरिक झालेले, तरी १९६६ पर्यंत लष्करी अंमलाखाली असलेले.

मात्रा : लोदच्या DAM या रॅप गटाचं नाव 'डॅम' लिहू नका, वाचणाऱ्याला धरण दिसेल. 'दाम' लिहा. तामेर नफार, सुहेल नफार आणि महमूद जरेरी यांनी १९९९ मध्ये तो सुरू केला. अरबीत दाम म्हणजे टिकून राहिला. हिब्रूत त्याच उच्चाराजवळचा शब्द रक्तासाठी आहे. मराठीत मात्र किंमत हा अर्थ आड येतो, म्हणून 'दाम हा गट' असं लिहावं.

पूर्वरंग : गाण्यांच्या अरबी ओळी देवनागरीत देताना उच्चार कुणाचा धरायचा?

मात्रा : गाणाऱ्याचा. हृदय या अर्थाचा शब्द ग्रंथात, म्हणजे प्रमाण अरबीत, 'क़ल्ब'. शहरी बोलीत 'अल्ब', बदावींत (वाळवंटातल्या भटक्या जमातींत) 'गल्ब', काही खेड्यांत 'कल्ब'. गोंधळ इथेच होतो, कारण प्रमाण अरबीत 'कल्ब' म्हणजे कुत्रा! त्या खेड्यांत कुत्र्याला 'चल्ब' म्हणतात, म्हणून तिथल्यांचं अडत नाही. सगळं प्रमाण करून टाकलं तर शहरी, खेडवळ, बदावी हा भेदच पुसला जातो, आणि एका गाण्यात दोन बोली शेजारी आल्या तर ते मराठी वाचकाला कळणारच नाही. नुक्ता, म्हणजे 'क़'खालचा ठिपका, फक्त ग्रंथातल्या उच्चाराला द्या.

पूर्वरंग : गाण्यांच्या व्हिडिओंची उपशीर्षकंही (सबटायटल्स) करायची आहेत.

मात्रा : मिनिटाला ९० ठोके असतील तर चार ठोक्यांचा एक बार जेमतेम २.७ सेकंदांचा. तेवढ्यात सहा-सात मराठी शब्द वाचून होतात, जास्त नाही. यमक बहुधा चौथ्या ठोक्याला पडतं. आपल्याकडे तिथे क्रियापद येऊन प्रत्येक ओळ 'आहे'वर संपते. क्रियापद आधी घ्या, नाम शेवटी ठेवा.