प्रतिसाद: निबंधाचे परिच्छेद कसे पाडावेत?

निबंधाचे परिच्छेद पाडण्याबद्दलच्या या लेखातलं, मुद्दे आधी लिहून काढावेत हे पटलं, पण सुरुवातीसाठी मुलांकडून सुविचार पाठ करून घ्यावेत हे अजिबात नाही. दहावीच्या कुमारभारतीत, म्हणजे मराठीच्या पाठ्यपुस्तकात, प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन असे वेगवेगळे प्रकार असतात. एकच सुविचार सगळीकडे कसा चालेल?

माझ्या भाचीकडून मी वेगळं करून घेतलं. निबंध झाला की प्रत्येक परिच्छेद कशाबद्दल आहे ते समासात पेन्सिलीने एका ओळीत लिहायचं. 'एसटी स्टँडचे आत्मकथन' लिहिताना एकाच परिच्छेदात पहाटेची पहिली गाडी, गळकं छप्पर आणि दिवाळीची गर्दी आली होती. एका ओळीत ते मावेना, म्हणून तिने स्वतःच तीन परिच्छेद केले. छपराच्या परिच्छेदात मग पावसात पोतं सांभाळत बसलेली आजी आली, आणि ते वाक्य तिचं स्वतःचं होतं.