साध्या लॅपटॉपवर आधी कुठला गेम घ्यावा?

निशाचर: वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, कंट्रोलरही नाही. स्टारड्यू व्हॅली, हॉलो नाइट की सेलेस्ट?

बांधावरचा: तिन्ही चालतील, पण पहिला मान स्टारड्यूला, म्हणजे शेतीच्या गेमला. गेममधल्या वसंतात १३ तारखेच्या एग फेस्टिव्हल या जत्रेत स्ट्रॉबेरीचं बी गेममधल्या १०० सोन्याला मिळतं, तेवढे पैसे राखून ठेवा. सकाळीच जमीन खणून पाणी घाला, परतल्यावर रात्रीच पेरा. २१ आणि २५ ला दोन तोडे. १६ नंतर पेरलंत तर एकच. थोडं बी पुढच्या वसंताच्या १ तारखेसाठी ठेवलंत तर पाच!

काजवा: हॉलो नाइट, भुयारं धुंडाळत लढायचा गेम, जास्त कसदार, पण नवख्याला नकाशाच रडवतो. गेममधल्या कॉर्निफरकडून नकाशा घेतला तरी इसेल्डाच्या दुकानातली क्विल (लेखणी) नसेल तर नव्या खोल्या त्यात चढत नाहीत, आणि चढतात त्याही बाकावर (गेम सेव्ह होतो ती जागा) बसल्यावर. वेवर्ड कंपास हा ताईत लावल्याशिवाय आपण कुठे आहोत तेच कळत नाही. मेल्यावर जिओ (गेममधले पैसे) मागे उरलेल्या आपल्याच सावलीकडे राहतात. तिला हरवण्याआधी पुन्हा मेलात की गेले.

निशाचर: आणि सेलेस्ट?

बांधावरचा: उड्या मारत डोंगर चढायचा गेम; कीबोर्डवर तिरक्या डॅशला (झेपेला) बोटं गुंततात. असिस्ट मोडमध्ये (गेम सोपा करायची सोय) वेग ५० टक्क्यांपर्यंत उतरवा, खुशाल.